मदतीची वाट सीओ साहेबांच्या टेबलावरून का जावी?

ऑक्टोबर २०२३ मध्ये राजौरी भागात संतरी ड्यूटीवर असलेल्या एका तरुण अग्निवीराचा आत्महत्येने मृत्यू झाला. पंजाबातल्या त्याच्या गावी अंत्यसंस्काराला लष्करी सलामी मिळाली नाही आणि वाद पेटला. अग्निवीर म्हणून त्याला दुय्यम वागणूक दिली, असं एका बाजूचं म्हणणं. लष्कराने खुलासा केला की आत्महत्येने गेलेल्याला सलामी न देण्याचा नियम १९६७च्या आदेशातला आहे, तो अग्निवीर आणि जुना जवान असा भेद करत नाही आणि कुटुंबाला देय असलेली आर्थिक मदत दिलीच जाते. त्याच खुलाशात आणखी एक वाक्य होतं: २००१पासून दर वर्षी सरासरी १०० ते १४० जवान आत्महत्येने किंवा स्वतः करून घेतलेल्या इजेने जातात. लोक सलामीवर भांडले, अग्निपथवर भांडले, पक्षापक्षांत भांडले. या आकड्यापाशी मात्र फारसं कोणी थांबलं नाही. बावीस-तेवीस वर्षांत दोन हजारांहून जास्त घरं, आणि चर्चा शेवटच्या दिवशीच्या बिगुलाची.

हा वाद चुकीच्या टोकाने धरला गेला. अशा प्रत्येक घटनेनंतर दोन ठरीव उत्तरं येतात. एक म्हणजे ‘आजची पोरं कमकुवत’ आणि दुसरं म्हणजे ‘अजून एक हेल्पलाइन काढा’. पहिलं खोटं आहे आणि दुसरं अपुरं. खरी अडचण अशी की गणवेशातल्या माणसाची मदतीची वाट आणि बढतीची वाट आज एकाच टेबलावरून जाते. रजा मंजूर करणारा, हत्यार देणारा, गोपनीय अहवाल लिहिणारा आणि ‘याला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवा’ म्हणणारा अधिकारी एकच असतो: युनिटचा कमांडिंग ऑफिसर, म्हणजे सीओ. या दोन वाटा वेगळ्या केल्याशिवाय बाकीचे उपाय अर्धेच राहतील.

ही वाट प्रत्यक्षात कशी असते ते बघा. ज्याला तीन आठवडे झोप नाही असा जवान सकाळी सिक रिपोर्ट करतो, म्हणजे आजारी म्हणून नाव देतो. नाव रजिस्टरात चढतं, कंपनीच्या हवालदाराला कळतं, फॉलिनमध्ये, म्हणजे हजेरीच्या रांगेत, त्याची जागा रिकामी दिसते. एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, पंधरा-वीस जणांच्या रांगेत ताप, पायाचे फोड आणि कंबरदुखीच्या मध्ये तो बसतो. आरएमओला, म्हणजे पलटणीच्या डॉक्टरला, त्याच्यासाठी पाच मिनिटं मिळाली तरी खूप. तो बहुधा ‘डोकं दुखतं’ एवढंच सांगतो. पुढे तज्ज्ञाकडे पाठवायचं ठरलं तर युनिटकडून एएफएमएसएफ-१० हा अहवाल लागतो आणि तो भरतो कमांडिंग ऑफिसर: वागणूक कशी, काम कसं, व्यसन आहे का. निदान झालं की सैनिकाची तंदुरुस्ती ठरवणाऱ्या ‘शेप’ वर्गीकरणातल्या पहिल्याच अक्षरावर, म्हणजे मानसिक स्थितीच्या ‘एस’वर, बोट ठेवलं जातं आणि लो मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तंदुरुस्तीचा खालचा दर्जा, लागते. मग कोर्स, बढती, पोस्टिंग सगळंच अडतं आणि ठरावीक महिन्यांनी हा दर्जा पुन्हा तपासणारं रिकॅट बोर्ड. पलटणीत याला ‘कॅट लागली’ म्हणतात. गुडघ्याची कॅट लागली तर लोक हळहळतात. डोक्याची लागली की शेजारची खाट सरकते. हे सगळं ठाऊक असलेला माणूस तोंड उघडेल कशाला?

यावरचा सर्वांत भक्कम आक्षेप कमांडरांचा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याच्या हातात भरलेली रायफल आहे, ज्याच्या पहाऱ्यावर तीसजण झोपतात, त्याच्या मनात काय चाललंय हे त्याच्या अधिकाऱ्याला कळायला नको का? कळायलाच हवं. साथीदारांवर गोळीबार झाल्याच्या घटना आपल्याकडे घडल्या आहेत. पण आजची व्यवस्था अधिकाऱ्याला नेमकं हेच कळू देत नाही. सगळं कळवलं जाईल या भीतीने जवान काहीच सांगत नाही, त्यामुळे अधिकाऱ्याच्या हाती उरतं फक्त मौन. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०११ मध्ये यासाठी स्वतंत्र निर्देश काढला. डॉक्टरने कमांडरला कळवायचं नाही हा मूळ नियम ठरला आणि कळवायचं ते मोजक्या कारणांपुरतं: स्वतःला धोका, इतरांना धोका, मोहिमेला धोका, इस्पितळात दाखल करावं लागणं, अशी. तेव्हाही सांगायचं ते कामापुरतं. बायकोशी काय बिनसलं आणि कर्ज किती हे कमांडरच्या कानावर जात नाही, ‘चार आठवडे हत्याराची ड्यूटी नको’ एवढं जातं. आपल्या कायद्यालाही हे तत्त्व परकं नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ मध्ये रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क आहे आणि जीव वाचवण्यासाठीचे अपवादही आहेत. हाच साचा लष्करी नियमांत स्वच्छ शब्दांत उतरवून एमआय रूमच्या भिंतीवर हिंदीत, मराठीत, तमिळमध्ये लावता येईल. काय गुप्त राहील आणि काय राहणार नाही हे जवानाला आत शिरण्याआधी वाचता आलं पाहिजे.

हे नुसतं सदिच्छेवर चालत नाही, याचा पुरावा अमेरिकन हवाई दलात आहे. १९९६ मध्ये तिथे आत्महत्या प्रतिबंधाचा कार्यक्रम सुरू झाला आणि तो डॉक्टरांच्या गळ्यात न घालता थेट कमांडरांच्या जबाबदारीत टाकला गेला. त्यातली एक तरतूद फार शहाणपणाची होती. ज्याच्यावर शिस्तभंगाची किंवा फौजदारी चौकशी चालू आहे आणि जो त्या ताणाने खचलाय, त्याने समुपदेशकाला सांगितलेलं त्याच्याविरुद्ध वापरायचं नाही. चौकशीचे दिवस हे सर्वांत धोक्याच्या दिवसांपैकी असतात, म्हणून संरक्षण नेमकं तिथे दिलं. कार्यक्रमाआधीची वर्षं आणि २००२पर्यंतची वर्षं ताडून पाहिली तेव्हा आत्महत्येचा धोका एक तृतीयांशाने घटलेला आढळला. पुढे लक्ष ढळलं की आकडे पुन्हा चढतात हाही तिथलाच धडा.

दुसरा आक्षेप सोंगाचा. वाट सोपी केली तर कामचुकार तिचा फायदा घेतील. घेतील काहीजण, मान्य. पण ही शंका किती जुनी आहे आणि तिची किंमत कोणी मोजली ते आठवावं. पहिल्या महायुद्धात चार्ल्स मायर्स या डॉक्टरने १९१५ मध्ये ‘शेल शॉक’चे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात मांडले, तेव्हा अनेक सेनानींना ती पळवाट वाटली. पळपुटेपणा, भित्रेपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश सैन्याने ज्यांना गोळ्या घातल्या त्यातल्या ३०६ जणांना २००६ मध्ये, म्हणजे नव्वद वर्षांनी, संसदेने कायदा करून माफी दिली. त्याच युद्धात थॉमस साल्मन या अमेरिकन डॉक्टरने उलटा मार्ग धरला: उपचार आघाडीच्या जवळ, लगेच आणि ‘तू परत आपल्या तुकडीत जाणार आहेस’ हा विश्वास देऊन. यात बरेच सैनिक परतले. सोंग करणारा ओळखायलाही डॉक्टरशी चार भेटी व्हाव्या लागतात आणि त्या लवकर झाल्या तर दोघांचाही निकाल लवकर लागतो. अमेरिकेने डिसेंबर २०२१ मध्ये ‘ब्रँडन कायदा’ करून याचं सोपं रूप आणलं. सैनिकाने वरिष्ठाला ‘मला या कायद्याखाली तपासणी हवी’ एवढंच म्हणायचं. कारण सांगायचं बंधन नाही आणि वरिष्ठाला नकाराचा अधिकार नाही. आपल्या सुभेदार साहेबांना असं एक वाक्य आणि त्यावरची एक ठरलेली कृती दिली तर त्यांचंही ओझं हलकं होईल, कारण आज काय करायचं हे त्यांनाही कोणी नीट शिकवलेलं नसतं.

सलामीबद्दलही बोलायला हवं, कारण घरच्यांसाठी ती क्षुल्लक गोष्ट नाही. सन्मान दिला तर आत्महत्येचं उदात्तीकरण होईल, ही भीती निराधार नाही. मृत्यूचा गाजावाजा दुसऱ्या खचलेल्या माणसाला ओढू शकतो. पण अपमान केल्याने कोणी वाचतो का? अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांचं सांत्वनपत्र आत्महत्येने गेलेल्यांच्या घरी जात नसे. जुलै २०११ मध्ये ओबामांनी, निदान युद्धक्षेत्रात गेलेल्यांपुरता, तो पायंडा मोडला. पत्रात मृत्यूचा गौरव नव्हता, सेवेची दखल होती. गाजावाजा न करता, त्याच्या नोकरीच्या वर्षांचा मान राखून तिरंगा आणि चार माणसं घरापर्यंत पाठवता येतात. १९६७चा आदेश या नजरेने पुन्हा वाचायला हरकत नसावी.

काहीजण आकडेमोड करतात: लाखामागे पाहिलं तर लष्करातलं प्रमाण देशाच्या सरासरीहून जास्त नाही, मग एवढी ओरड कशाला? गणित ढोबळमानाने बरोबर आहे. २०२२ मध्ये देशाचा दर लाखामागे १२.४ होता आणि बारा लाखांच्या सैन्यात वर्षाला १०० ते १४० म्हणजे साधारण ८ ते १२. पण तुलना कुणाशी? सैनिक हा वैद्यकीय चाळणीतून निवडलेला, पगारदार, तीन वेळा पोटभर जेवणारा, चोवीस तास माणसांत राहणारा तरुण आहे. बेकार, कर्जबाजारी, एकटे, आजारी असे सगळे देशाच्या सरासरीत असतात. एवढ्या चाळणीनंतरही दर सरासरीच्या आसपास रेंगाळतो, हीच खरी चिंतेची बाब आहे. निमलष्करी दलांत तर संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२० ते २०२४ या पाच वर्षांत ७३० जण गेले.

आता कायद्याकडे या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि आत्महत्येच्या प्रयत्नाचं जुनं ३०९ कलम गेलं. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ खाली गुन्हा उरला. पण सेना अधिनियम १९५० च्या कलम ६४ (क) खाली सैनिकाने केलेला आत्महत्येचा प्रयत्न हा अजूनही सात वर्षांपर्यंतच्या कैदेचा अपराध आहे. असा प्रयत्न करणाऱ्याला मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ ने शिक्षेपासून दिलेलं संरक्षण भारतीय दंड संहितेपुरतं लिहिलेलं आहे. म्हणजे गावातला भाऊ वाचला तर रुग्ण आणि सीमेवरचा भाऊ वाचला तर आरोपी. हे कलम क्वचितच वापरलं जातं असं कोणी म्हणेल. तसं असेल तर काढायला अडचण काय? पुस्तकात पडून असलेलं कलमसुद्धा जवानाला ‘मनात असे विचार येतात’ हे वाक्य गिळायला लावतं, आणि डॉक्टरला नोंद करताना अडखळायला लावतं.

हत्याराचा प्रश्न सर्वांत नाजूक. इस्रायलमध्ये सैनिक आठवड्याच्या सुट्टीला घरी जाताना रायफल सोबत नेत. २००६ मध्ये सैन्याने ती तळावरच जमा करायला लावली. त्यानंतर आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलं आणि घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली होती. आठवड्यातल्या इतर दिवसांत ते वाढलं नाही. ‘ज्याला मरायचंय तो मार्ग शोधतोच’ हे वाक्य आपण सर्रास बोलतो. ते इथे खोटं पडलं. तीव्र आवेग अनेकदा काही मिनिटांचा, काही तासांचा असतो. तेवढा वेळ साधन हाताशी नसेल तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेकजण पुढे आत्महत्येने जात नाहीत. आपल्याकडे अडचण अशी की कोतमधून, म्हणजे हत्यारं ठेवायच्या खोलीतून, एखाद्याची रायफल निघणं बंद झालं की सगळ्या पलटणीला दिसतं. म्हणून ते शिक्षेसारखं न करता तापातल्या ‘अटेंड सी’सारखं, म्हणजे डॉक्टरने लिहून दिलेल्या ड्यूटी-माफीसारखं, करावं: चार किंवा सहा आठवडे स्वयंपाकघर, कंट्रोल रूम, स्टोअर किंवा गाड्यांची ड्यूटी, परतीची तारीख आधीच लिहिलेली आणि तारखेला डॉक्टरची भेट. पायाला प्लास्टर असलेल्याची पीटी माफ असते, त्यात त्याची इज्जत जात नाही.

रजेबद्दल सगळे ‘वाढवा’ म्हणतात. वाढवाच. पण गृह मंत्रालयाने निमलष्करी दलांसाठी नेमलेल्या कृतिगटाला आढळलं की ८० टक्क्यांहून अधिक आत्महत्या जवान रजेवरून परतल्यानंतरच्या होत्या. धोका परतीच्या बॅगेत आहे. घरी गेल्यावर कळतं की बांधाचा वाद कोर्टात गेलाय, सात-बारावर भावाने परस्पर नाव चढवलंय, सोसायटीचं कर्ज थकलंय, बायको माहेरी आहे. आणि यातलं काहीही तीस दिवसांत सुटत नाही. रजेचा कागद जमा करून घेताना कंपनीच्या सिनियर जेसीओने, म्हणजे सुभेदारासारख्या कनिष्ठ अधिकाऱ्याने, पहिल्या दोन-तीन दिवसांत वीस मिनिटं एकट्याने बसवून विचारावं: घरी काय राहिलं, पैशाचं काय, झोप कशी आहे, दारू वाढली का, जगणं नकोसं वाटतं का. जमिनीच्या दाव्यांसाठी साधनं आहेत, फक्त पोचलेली नाहीत. भारतीय सैनिक (दावे) अधिनियम १९२५ खाली विशेष परिस्थितीत तैनात सैनिकाविरुद्धचं दिवाणी प्रकरण तहकूब करता येतं. २६ जुलै २०२५ पासून विधी सेवा प्राधिकरणाची ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू आहे. तहसीलदाराला गेलेलं एक पत्र कधी कधी गोळीपेक्षा, म्हणजे औषधाच्या गोळीपेक्षा, जास्त गुण देतं.

आणि अमेरिकेचे गोडवे किती गायचे, हाही आक्षेप रास्त आहे. एवढा पैसा, २००७पासून माजी सैनिकांची स्वतंत्र हेल्पलाइन, आता ९८८ लावून १ दाबायची सोय; तरी २०२२ मध्ये तिथे ६,४०७ माजी सैनिक आत्महत्येने गेले. मात्र त्यातले निम्म्याहून अधिक माजी सैनिक खात्याच्या दवाखान्यांपर्यंत अलीकडे आलेलेच नव्हते. जे आले त्यांच्यावर काय लागू पडलं, तेही मोजलं गेलंय. नऊ रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांतल्या १,६४० रुग्णांवरचा अभ्यास २०१८ मध्ये आला. एक कागद आणि नंतरचे काही फोन एवढाच उपाय, पण सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन ४५ टक्क्यांनी कमी. तो कागद म्हणजे सुरक्षा आराखडा. अर्ध्या तासात, रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांत लिहायचा. सुरुवातीला धोक्याची खूण: ‘रात्री दोनला जाग येते आणि घरच्यांवर ओझं आहे असं वाटतं.’ मग एकट्याने करण्याजोगं काही: थंड पाण्याने अंघोळ, मैदानाला दोन फेऱ्या. मग जिथे माणसं असतात ती जागा: देऊळ, कँटीन, बॅचमेटची खोली. मग ज्यांना खरं सांगता येईल अशा दोघांची नावं आणि नंबर. मग डॉक्टर आणि १४४१६, म्हणजे टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन. शेवटी साधनं दूर कशी ठेवायची आणि किल्ली कोणाकडे. ‘सकारात्मक विचार करीन’ असलं काही लिहिलं तर कागद वाया गेला. रात्री दोनला ते करता येत नाही. पहिला फोन ७२ तासांच्या आत, मग निदान दर आठवड्याला, पुढचा उपचार सुरू होईपर्यंत. आपण कागद द्यायला शिकतो आणि फोन विसरतो, म्हणून फसतो.

हे सगळं करणार कोण, तर पलटणीचा आरएमओ: बहुधा तरुण, एकटा, सैनिकाशीही बांधील आणि सीओशीही. त्याच्या पाठीशी कोणी नको का? अमेरिकेत माजी सैनिकांवर उपचार करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला अवघड रुग्णाबद्दल तज्ज्ञांशी विनामूल्य सल्लामसलत करता येते. आपल्याकडे पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ पासून सैनिकांसाठी टेलि-मानसचा खास कक्ष उघडला, ही फार चांगली गोष्ट झाली. त्याच कक्षात डॉक्टरांसाठी एक वेगळी लाइन हवी, जिथे आरएमओ रात्री विचारू शकेल, ‘याला आज पाठवू की उद्या बघू?’ आणि ज्याचा रुग्ण गेला त्या डॉक्टरलाही चौकशीच्या आधी माणूस भेटावा. थेट विचारल्याने डोक्यात तो विचार शिरतो, ही समजूतही सोडून द्यावी. संशोधन तसं सांगत नाही. विचारल्यावर माणसाला बहुधा मोकळं वाटतं.

गावाकडची बाजू याहून उघडी आहे. साताऱ्याजवळचं अपशिंगे, कोल्हापुरातलं सैनिक टाकळी अशा गावांत घरटी फौजी आहे. शिपाई ऐन चाळिशीच्या आत निवृत्त होतो आणि बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहतो. त्याच्या तालुक्यातल्या डॉक्टरने केसपेपरवर एक ओळ वाढवावी: ‘फौजेत होतात का?’ उत्तर हो आलं की झोप, दारू, राग आणि घरात परवान्याची बंदूक आहे का हे विचारावं. धोका वाटला तर बंदूक परवानाधारक दुकानदाराकडे किंवा पोलीस ठाण्यात काही काळ जमा ठेवता येते, शेतीची औषधं कुलपात ठेवता येतात. पेन्शनर असेल तर ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून मनोविकारतज्ज्ञाकडे रेफरल मिळतं. १४४१६ वर चोवीस तास मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.

पण अग्निवीराचं काय? पहिल्या तुकड्यांचं प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं, म्हणजे चार वर्षं २०२६च्या अखेरीला भरतात. जास्तीत जास्त २५ टक्के पुढे घेतले जाणार. योजनेच्या मूळ अटींनुसार बाकीच्यांना पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. गणवेश उतरल्यानंतरचं पहिलं वर्ष धोक्याचं असतं हे अमेरिकेच्या नोंदींत पुन्हा पुन्हा दिसलंय. बाविशी-पंचविशीतला मुलगा सेवानिधीचे एकरकमी पैसे घेऊन घरी येईल, हार-तुरे आठवडाभर टिकतील. त्याच्या सुटण्याच्या कागदांबरोबर भरलेला सुरक्षा आराखडा असावा, निदान दोन वर्षं ईसीएचएसचं कार्ड असावं, आणि त्याचं नाव आधीच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या यादीत पोचलेलं असावं. तिसऱ्या आठवड्यात तिथून फोन जावा. फोन करणारा त्याच जिल्ह्यातला निवृत्त सुभेदार असला तर उत्तम. त्याने सुरुवातीला एवढंच विचारायचं: जेवलास का, झोप लागते का, आणि परत कधी फोन करू.